आंब्याच्या झाडाखालचा दवाखाना आणि आठ मुली



आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं की आपण नर्सला काय म्हणतो? सिस्टर. "सिस्टर, बाळाला डोस द्यायचा आहे." "सिस्टर, बीपी बघून द्या." ती सिस्टर साकोलीची असो की पवनीची, बौद्ध असो, कुणबी असो, पोवार असो, तिला सिस्टरच म्हणायचं. हा शब्द आला कुठून, याचा विचार मीही कधी केला नव्हता. युरोपात शेकडो वर्षं रुग्णांची सेवा करणाऱ्या बाया म्हणजे बहुतेक ख्रिस्ती धर्मभगिनी असायच्या. त्यांना सिस्टर म्हणत. पुढे साध्या नर्सबाईलाही तेच नाव चिकटलं आणि इंग्रजांबरोबर आपल्या दवाखान्यात आलं.

आज या सिस्टरांबद्दलच बोलायचं आहे. पण देवाधर्माचं नाही. बचत गटाचं काम करणारी बाई म्हणून मला एक गोष्ट समजून घ्यायची होती. बायांची एखादी संघटना शंभर वर्षं टिकते आणि वाढत जाते, ती कशी? आपले गट पाच वर्षांत थकतात. अशी टिकलेली एक संघटना आफ्रिकेत युगांडा नावाच्या देशात आहे. तिथे काय झालं, ते सांगते.

आधी हे संघ चालतात कसे, ते पाहू. कॅथलिक पंथात बायांचे शेकडो संघ आहेत. आपण बाहेरून बघतो तेव्हा सगळ्या सारख्याच वाटतात, पण प्रत्येक संघ वेगळा असतो. त्याचं नाव वेगळं, नियमांचं पुस्तक वेगळं, पैशाची पेटी वेगळी. मुलगी आली की लगेच सिस्टर होत नाही. आधी काही काळ सोबत राहायचं, मग किमान एक वर्ष कडक शिकाऊपण. त्यानंतर काही वर्षांपुरती व्रतं घ्यायची, आणि ती निभली तर मग जन्मभराची. व्रतं तीन असतात. लग्न करायचं नाही, स्वतःच्या नावावर काही ठेवायचं नाही, आणि संघाची आज्ञा पाळायची. शाळेत शिकवून पगार मिळाला तर तो सगळा सामाईक पेटीत जातो. आपल्या गटात महिन्याची बचत पेटीत जाते, इथे सगळी कमाईच जाते! प्रमुख ठराविक वर्षांसाठी निवडतात आणि मुदत संपली की ती खुर्चीवरून उठते. लहान संघ तिथल्या बिशपच्या हाताखाली असतो, मोठा झाला की थेट रोमच्या देखरेखीखाली जातो. आपल्या गटाचा ग्रामसंघ आणि ग्रामसंघाचा प्रभागसंघ होतो, साधारण तसंच समजा.

आता युगांडाकडे वळू. तिथे व्हिक्टोरिया नावाचं प्रचंड सरोवर आहे. आपण तलावांच्या जिल्ह्यातल्या, पण हे असं की पलीकडचा काठ दिसत नाही. 1903 च्या जानेवारीत सहा सिस्टर तिथे पोचल्या, आजच्या कंपाला शहरात न्साम्ब्या नावाच्या टेकडीवर. समुद्रकाठच्या मोंबासापासून सरोवरापर्यंतची रेल्वे तेव्हा नुकतीच झाली होती. तिचे रूळ टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. म्हणजे त्या वाटेवर आपल्या देशातल्या लोकांचाही घाम पडला आहे.

या सहा जणींत एक होती सिस्टर केविन. मूळ नाव तेरेसा कीअर्नी, आयर्लंडच्या शेतकरी घरातली, जन्म 1875 चा. ती जन्मायच्या आधीच बाप अपघातात गेला, दहा वर्षांची असताना आई गेली. आजीनं वाढवलं, आणि सतराव्या वर्षी आजीही गेली. पुढे तिनं शिक्षिकेचं काम केलं आणि मग संघात गेली. तिकडे लोक तिला 'मामा केविना' म्हणायला लागले.

त्या काळी सरोवराच्या काठानं निद्रारोगाची साथ पसरली होती. एक माशी चावते, माणूस सुस्त होत जातो आणि झोपेतच संपतो. त्या साथीत दोन लाखांवर माणसं गेली. दवाखान्याची इमारत नव्हती. सिस्टरांनी एका आंब्याच्या झाडाखाली औषधं मांडली आणि काम सुरू केलं. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ओझी वाहायला नेलेले आफ्रिकी मजूर आजारी पडून परत येत, त्यांची सेवा तिनं केली. त्याबद्दल 1918 मध्ये इंग्रज सरकारनं तिला मानचिन्ह दिलं.

पण खरा पेच बाळंतपणाचा होता. बाया आणि बाळं मरत होती, आणि सिस्टरांना बाळंतपणात हात घालायला चर्चच्या नियमानं बंदी होती. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईनं बाळंतपण करणं शोभत नाही, असं ते मानत. ऐकून हसू येतं, पण आपल्याकडचं आठवा. बाळंतीण विटाळशी म्हणून तिला वेगळ्या खोलीत टाकायचं आणि दाईला दारातूनच साडी-धान देऊन वाटेला लावायचं, हे आपल्या आज्यांनी पाहिलेलं आहे. ज्या कामावाचून कोणी जन्मालाच येत नाही, तेच काम हलकं ठरवायचं, ही रीत दोन्हीकडे होती.

मामा केविनानं वाट काढली. नियम सिस्टरांना होता, स्थानिक मुलींना नव्हता. 1921 मध्ये एव्हलिन कॉनॉली नावाच्या डॉक्टर बाई सोबतीला होत्या. त्या सिस्टर नव्हत्या. दोघींनी मिळून न्साम्ब्याला परिचारिका आणि सुईणींची शाळा काढली. आफ्रिकी मुली सुईणीचं शास्त्र शिकून गावोगाव गेल्या. एकीकडे ही शाळा चालू होती आणि दुसरीकडे नियम बदला म्हणून रोमकडे मागणीही चालू होती. ही मागणी करणारी ती एकटी नव्हती. आपल्याच उपखंडात रावळपिंडीला काम केलेल्या डॉक्टर बाया, अ‍ॅग्नेस मॅकलॅरन आणि अ‍ॅना डेंगेल, याही त्याच्यासाठी झटल्या. पुरुष डॉक्टरकडे न जाणाऱ्या बाया उपचारावाचून मरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी 1936 मध्ये रोमनं परवानगी दिली. म्हणजे शाळा निघाल्यानंतर पंधरा वर्षांनी. परवानगीची वाट पाहत बसली असती तर त्या पंधरा वर्षांत किती बाया गेल्या असत्या, याचा हिशोब तुम्हीच करा.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. 1923 मध्ये न्कोकोन्जेरू नावाच्या गावी मामा केविनानं आठ स्थानिक मुलींना घेऊन नवा संघ सुरू केला, 'लिटल सिस्टर्स ऑफ सेंट फ्रान्सिस'. तिचा स्वतःचा संघ होताच. त्यात या मुलींना का घेतलं नाही?

याचं एक कारण मला थोडं खटकतं. त्या काळात बहुतेक गोऱ्या संघांत काळ्या मुलींना बरोबरीनं घ्यायची रीतच नव्हती. वेगळा संघ म्हणजे वेगळी पंगत, असं कोणी म्हटलं तर ते अगदी खोटं नाही. पण त्या वेगळ्या पंगतीतून झालं काय, ते बघा. परदेशी संघात त्या मुली कायम शेवटच्या रांगेत राहिल्या असत्या. तिथली भाषा परकी, जेवण परकं, आणि प्रमुख नेहमी समुद्रापलीकडची. स्वतःच्या संघात मात्र प्रमुखही त्यांच्यातलीच होणार, आज नाही तर उद्या.

हे तिथे पहिल्यांदा झालं असंही नाही. 'व्हाइट सिस्टर्स' नावाच्या दुसऱ्या परदेशी संघाच्या भगिनी 1899 मध्येच युगांडात आल्या होत्या. त्यांच्यातल्या मदर मेक्टिल्ड यांच्या देखरेखीखाली 1910 मध्ये मसाका गावाजवळ ब्वांडा इथे स्थानिक मुलींचा 'बन्नाबिकिरा' हा संघ उभा राहिला. आफ्रिकी बायांच्या सर्वांत जुन्या संघांपैकी तो एक.

त्या मुलींच्या घरी काय झालं असेल, याचा मी फार विचार करते. तिकडे लग्नात मुलीच्या बापाला नवऱ्याकडून गुरं किंवा पैसा मिळतो. आपल्या हुंड्याच्या उलट. मुलगी लग्न करणार नाही म्हणजे बापाचं नुकसान, आणि घराण्याला नातवंडं नाहीत ते वेगळंच. बिनलग्नाची बाई तिथे सहसा नसायचीच. बुगांडा राज्यात बायांनी कोंबडी खायची नाही, अंडी खायची नाहीत, आणि मोठ्या माणसाशी बोलताना गुडघ्यावर बसायचं, अशी चाल होती. त्या समाजातल्या मुली म्हणाल्या, आम्ही लग्न करणार नाही, आम्ही मिळून राहू, शिकू आणि शिकवू. घरून भांडून आलेल्या असतील, रडून आलेल्या असतील. आपल्या गटाच्या पहिल्या बैठकीला येताना नवऱ्याचं बोलणं ऐकून आलेल्या बाया मला आठवतात. "दहा रुपये जमा करून कलेक्टर होणार काय तू?" हे वाक्य मी किमान तीन गावांत ऐकलं आहे.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. आपल्याकडे उमेदचं काम सुरू झालं तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यातून वर्धिनी ताया आल्या होत्या. गावातच राहायच्या, मिळेल ते खायच्या, बाया गोळा करून गट बांधायच्या आणि पंधरा दिवसांनी निघून जायच्या. मला तेव्हा वाटायचं, इतक्या लवकर कशाला जातात? आणखी राहिल्या तर गट पक्के होतील. पुढे माझ्याकडे गावं आली आणि मी उलटं केलं. एका गटाचं रजिस्टर तीन वर्षं मीच लिहिलं. बाया म्हणायच्या, "ताई, तुमचं अक्षर चांगलं, तुम्हीच लिहा." मलाही बरं वाटायचं. मग माझ्या बाळंतपणात मी पाच महिने घरी होते. परत गेले तर बैठका बंद, दोन कर्जांचे हप्ते थकलेले, आणि कोणाचे किती बाकी हे कोणालाच सांगता येईना. रागावले तर अध्यक्ष काकू शांतपणे म्हणाल्या, "रजिस्टर तर तुझ्याच घरी होतं ना बाई." मला काही बोलता आलं नाही. तो गट आज चालतो. सातवी शिकलेली एक सून हिशोब लिहिते. अक्षर वाकडं आहे, बेरीज बरोबर असते.

म्हणून 1923 ची ती गोष्ट वाचली तेव्हा मला नवल वाटलं. मामा केविना तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती, हातात दवाखाना होता, नाव होतं. ती स्वतःच सगळं चालवू शकली असती. तिनं रजिस्टर दुसऱ्यांच्या हाती द्यायची तयारी सुरू केली.

आता वाढ कशी झाली? शाळा आणि दवाखाना हे एकमेकांना धरून होते. शाळेत शिकलेल्या मुलींतून नव्या सिस्टर यायच्या, त्या शिकून शिक्षिका किंवा नर्स व्हायच्या, आणि नव्या गावात शाळा काढायच्या. त्या गावातून पुन्हा मुली. धानाच्या बांधीतलं रोपटं लावणीला, आणि त्याच्याच दाण्यातून पुढच्या सालचं बियाणं, असं ते चाललं. कुष्ठरोग्यांसाठी न्येंगा आणि बुलुबा इथे 1930 नंतर केंद्रं निघाली. कुष्ठरोग आपल्या पूर्व विदर्भाला नवा नाही, तेव्हा ते काम काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. आज लिटल सिस्टर्स शेकड्यांनी आहेत, युगांडात आहेत आणि शेजारच्या केनिया-टांझानियातही.

साऱ्या जगाकडे बघितलं तर चित्र उलटं दिसतं. 1970 च्या सुमाराला जगात दहा लाखांवर कॅथलिक सिस्टर होत्या. आता त्या सहा लाखांच्या आत आल्या आहेत. युरोपात कॉन्व्हेंट रिकामी पडली, राहिल्या त्या म्हाताऱ्या. आफ्रिकेत मात्र दरवर्षी आकडा वाढतो, ऐंशी हजारांच्या वर गेला आहे. जिथून शिकवायला बाया गेल्या तिथे ओसाड, आणि जिथे गेल्या तिथे भरलेलं घर.

सगळं छान आहे असं समजू नका. गरीब घरच्या मुलीला शिक्षण, दोन वेळचं जेवण आणि मान मिळतो म्हणून संघाकडे वळावंसं वाटणं, हेही वाढीचं एक कारण आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते विसरूनही चालणार नाही. शिक्षणाच्या बाबतीत तर बऱ्याच आफ्रिकी संघांची ओढाताण होते. सिस्टर दुसऱ्यांना शिकवतात आणि स्वतःचं कॉलेज राहून जातं. ही अडचण ओळखून अमेरिकेतल्या काही संघांनी 1999 मध्ये आफ्रिकी सिस्टरांच्या शिक्षणासाठी एक संस्था उभी केली. आणि फुकटच्या राबणुकीचा प्रश्न सगळ्या जगात आहे. 2018 मध्ये रोमच्या अधिकृत वृत्तपत्राच्या स्त्रियांच्या मासिकातच छापून आलं की अनेक सिस्टर बिशपांच्या आणि धर्मगुरूंच्या घरी स्वयंपाक, धुणं, वाढणं करतात, त्यांना ठरलेला पगार नसतो, कधी जेवायला एका टेबलावर बसायलाही सांगत नाहीत. मासिक बायांचं होतं म्हणून छापून आलं, असं मला वाटतं. ज्या संघाची पेटी आणि ठराव स्वतःच्या हातात आहेत, तो संघ अशा वेळी "नाही" म्हणू शकतो. बाकीच्यांना अवघड जातं.

आता तुम्ही म्हणाल, ही गोष्ट फार दूरची झाली. तर जवळची ऐका. मुंबईत अंधेरीला सेंट कॅथरीन होम नावाचं अनाथ मुलांचं घर आहे. तिथे अ‍ॅना हुबर्टा रोगेनडॉर्फ नावाच्या जर्मन सिस्टर काम करत होत्या. 1942 मध्ये, महायुद्ध आणि महागाई चालू असताना, त्यांनी इथल्या तरुण मुलींना घेऊन 'हेल्पर्स ऑफ मेरी' हा नवा संघ सुरू केला. म्हणजे न्कोकोन्जेरूला जे झालं तेच एकोणीस वर्षांनी अंधेरीला झालं. टाकून दिलेली मुलं सांभाळणं हे पहिलं काम. पुढे वर्सोव्याला कुष्ठरोग्यांसाठी विमला केंद्र आलं. अंधेरीच्या मुलांसाठी जर्मनीत बॉन शहरातल्या रोझी गोलमन नावाच्या शिक्षिकेनं विद्यार्थ्यांकडून मदत गोळा केली आणि 1967 मध्ये तिथे 'अंधेरी-हिल्फे' नावाची संस्था झाली. आपल्या मुंबईच्या उपनगराचं नाव जर्मन संस्थेच्या पाटीवर!

आणि या अंधेरीच्या संघाची घरं आज आफ्रिकेत आहेत, इथिओपियात आणि केनियात. जिथे बाहेरच्या बाया येऊन संघ बांधून गेल्या, तिथल्याच बाया आता दुसऱ्या देशात बाहेरच्या म्हणून जातात. वर्धिनी फेरीसारखंच हे. कालची गटातली सदस्य आज दुसऱ्या जिल्ह्यात वर्धिनी.

मामा केविनाची अखेर सांगायची राहिली. 1952 मध्ये आफ्रिकेत काम करणाऱ्या परदेशी सिस्टरांचाही स्वतंत्र संघ झाला आणि ती त्याची पहिली प्रमुख झाली. म्हातारपणी तिला अमेरिकेत निधी गोळा करायला पाठवलं. तिथेच 1957 च्या ऑक्टोबरमध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी ती वारली. पण युगांडाच्या लोकांना ती आपल्या मातीत हवी होती. शेवटी विमानानं तिला परत आणलं आणि डिसेंबरमध्ये न्कोकोन्जेरूला, त्या आठ मुलींच्या संघाच्या जागी, माती दिली. युगांडात दवाखान्याला किंवा सेवेच्या संस्थेला 'केविना' म्हणायची पद्धत पडली. आपण नर्सला सिस्टर म्हणतो, तसंच.

गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. आमच्यात एक जुनी दाई आहे, सत्तरीची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ती बाई गेल्यावर दवाखाना चालला का?"

चालला, आजी. न्साम्ब्याचा तो आंब्याखालचा दवाखाना आज सेंट फ्रान्सिस नावाचं मोठं रुग्णालय आहे. आणि त्याचा कारभार पाहतात त्या लिटल सिस्टर्स.